गंगावेस ते घाट

पद्मजा, तुझा व्हिडिओ पाहिला.
स्टेशनापासून नदीपर्यंत वीस मिनिटं, एवढंसं गाव,
विटांचे रस्ते,
आणि वजनघराच्या भिंतीला टांगलेली ती तांब्याची कढई.
खोटी नाणी पाडणाऱ्याला तिच्यात उकळला म्हणालीस.
मला आधी तिचं माप दिसलं.
आपल्या गुऱ्हाळातली काहील
हिच्या तिप्पट असती.

मग मीही निघालो.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस धार देत होती.
सुबरावनं पेला पुढं केला,
"फेस मोडायच्या आत, मास्तर."
मी मास्तर कधीच नव्हतो.
बत्तीस वर्षं राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी वाचली.
फूट, इंच. फूट, इंच.
पण इथं हातात वही दिसली
की माणूस मास्तर.

शुक्रवार पेठेला उतार आहे.
डोळ्यांना कळत नाही,
गुडघ्यांना कळतो, आणि पाण्याला.
तुमच्याकडं पुराची सालं भिंतीवर कोरून ठेवलीत.
इथं मगदुमांच्या दुकानात बघायचं,
साखर कुठवर चढलीय.
पूर्वी ती जमिनीवर असायची, पोत्यात.
आता तिसऱ्या फळीवर.
चौथ्या फळीवर काडेपेट्या
आणि त्यांच्या आईचा फोटो.

तुझ्या नदीला गलबतं यायची, वाळल्या माशांची,
समुद्रावरनं.
आपल्याला समुद्राचं काय!
ब्रह्मपुरीच्या टेकाडात तेवढा एक देव सापडला होता,
काशाचा, परका, दर्याचा मालक.
टाउन हॉलच्या म्युझियमात उभा आहे, वीतभरसुद्धा नाही.
तू तिसरीत होतीस. विचारलंस,
याचा समुद्र कुठाय?
मी म्हटलं, तोच हुडकत आला असंल.

गलबत मी एकदाच पाहिलं.
एकोणीस सालच्या ऑगस्टात, चिखलीला, तुझ्या आत्याकडं.
केरबानं गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली.
आत दोन म्हाताऱ्या, एक रेडकू,
प्लास्टिकच्या पिशवीत कुणाकुणाची रेशनकार्डं,
आणि मी,
ज्यानं अख्खी नोकरी पाण्याचं माप सांगण्यात घालवली
आणि ज्याला पोहता येत नाही.
काहील गोल असती, पद्मजा.
तिला नाक नाही.
पुढं जायचं म्हटलं तर आधी फिरती,
गाव एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं,
देवळाचा कळस पुन्हा पुन्हा समोर.
कडेला काकवीचा करपट वास.
रेडकू ती कड चाटत होतं.
बांबू टेकत केरबा म्हणाला,
"हलू नगा. नुसतं बसा. बसायचं बी काम हाय."

त्या दिवशी तू किती फोन केलेस
ते मी अजून विचारलेलं नाही.

घाटावर आलो तेव्हा ऊन पुलाच्या कमानींखाली शिरत होतं.
एक जण रिक्षा धूत होता, आतल्या गणपतीसकट.
दीपमाळेवरनं पोरं उड्या टाकत होती
आणि वर आल्यावर आधी चपला आहेत का बघत होती.
इथून पट्टी दिसत नाही,
पण उघड्या पायऱ्या मोजल्या की माझा आकडा निघतो.
फोन तोंडाशी धरून सांगितलं:
सोळा फूट सात इंच.
खात्याला सांगायचो तसंच. नाव नाही, बरं आहे नाही.
इशारा एकोणचाळीस, धोका त्रेचाळीस,
हे तुला पाढ्यांआधी पाठ झालेलं.
रोज तिकडून अंगठा येतो.

आज अंगठा आला नाही.
आला तो एक आकडा,
तुझ्या त्या नदीचा, जिचं नाव माझ्या जिभेवर अजून वळत नाही.
मीटरमध्ये.

वही उघडली. पेन्सिल होती, चष्मा नव्हता.
फूट करायला
पायरीवर बसावं लागलं.